तुर्की घाटाचं धनुष्य, 45 पाउंड: पल्ला मोजून पाहिला

दीड महिना वापरून मग लिहितोय. फायबरग्लास आणि लाकडाच्या पट्ट्या चिकटवलेलं धनुष्य आहे, 28 इंच ओढलं की 45 पाउंडांचा जोर लागतो, सोबत सहा बाण, 18 हजारांना पडलं. नेम धरायला घेतलंच नव्हतं, मला लांब मारायचं होतं, इस्तंबूलच्या ओकमेयदानी या तिरंदाजीच्या जुन्या मैदानाबद्दल वाचल्यापासून ते डोक्यातून जातच नव्हतं. ओक म्हणजे बाण आणि मेयदान म्हणजे आपलंच मैदान! विक्रमी बाण पडला की तिथे दगड उभारायचे, 16व्या शतकातल्या तोझकोपारान इस्केंदरच्या नावावर 1281.5 गेझ म्हणजे साधारण 845 मीटरची नोंद आहे, आणि तिरंदाज म्हणून मान्यता मिळवायची तरी 900 गेझ, म्हणजे 594 मीटर.

ज्वारी काढून झाल्यावर गावाकडच्या माळाला गेलो, समोर अर्धा किलोमीटर ना रस्ता ना गुरं, भाऊ बाजूच्या बांधावर उभा. संध्याकाळी वारा पडल्यावर अंगठ्याने ओढून मारले. सोबत आलेले बाण 30 ग्रॅमचे, पिसं चार इंची, सगळ्यात लांब गेला तो 171 मीटर. वाईट वाटलं खरं. मग त्यातल्याच तीन बाणांची पिसं कापून दीड इंचाची केली, बाकी काही बदललं नाही, तर 188!

मग बांबूचे 19 ग्रॅमचे बाण स्वतः तासले, मधे जाड आणि दोन्हीकडे निमुळते, तुर्की लोक करायचे तसे, म्हणजे मधे ताठपणा राहतो आणि टोकांचं वजन जातं. त्यातला एक गेला 243 मीटर. धनुष्य तेच, हात तोच. कोन 45 अंशांचा धरू नका, हवेच्या अडथळ्यामुळे थोडा खाली, 40 ते 42 ला मला सगळ्यात जास्त मिळालं. याहून हलका बाण मात्र लावू नका, धनुष्यातली ताकद बाणात जात नाही आणि धनुष्याची पाती, म्हणजे वाकणाऱ्या दोन बाजू, तडकतात.

धनुष्याबद्दल तक्रार नाही, झटका कमी, पाती सरळ, आणि शिंग, स्नायू, माशाच्या सरसाचं जुन्या पद्धतीचं असलं धनुष्य आपल्या पावसाळ्यात सांभाळणं अवघड, हे खुंटीला टांगून ठेवलं तरी चालतं. दोरी मात्र सुमार, दुसऱ्याच दिवशी मधला गुंडाळलेला दोरा सुटला, विकणाऱ्याने फोन उचलला नाही, शेवटी मीच गुंडाळला.

धनुष्याला साडेचार, बाणांना दोन. बाण वेगळे करून घ्या, आणि मागच्या टोकाला भगवा ऑइलपेंट लावाच, हलका बाण धसकटांत घुसला की दिसत नाही, माझे दोन अजून तिथेच आहेत.