संगीतच्या पार्टीत सायट्रान्स: थेट की हळूहळू?

लग्नाच्या संगीतला थेट १४५ बीपीएमचा (मिनिटाला १४५ ठोके) सायट्रान्स, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत, लावला तर दोन मिनिटांत फ्लोअर रिकामा होतो, कारण सात-आठ मिनिटांच्या ट्रॅकमध्ये गाणं असं येतच नाही, लोक शब्दांची वाट बघत उभे राहतात आणि मग जेवणाकडे वळतात. नव्वदच्या दशकात गोव्यात अंजुणा-वागातोरला हेच रात्रभर चालायचं, पण तिथे माणसं त्याच्यासाठीच यायची ना.

मला दुसरा मार्गच पटतो. आधी ओळखीची हिंदी गाणी १२५ च्या हाऊस बीटवर (सरळ, एकसारख्या ठेक्यावर) घ्यायची, मग हळूच शब्द काढून नुसता बेस ठेवायचा आणि टेम्पो दर ट्रॅकला तीन-चारने चढवायचा. वेळ लागतो, तासभर तरी. पण परवा १३८ ला पोचलो तेव्हा नवरीची मावशी चपला बाजूला काढून नाचत होती, डोळे मिटून!