रेडिएटरची पितळी चावी: दोन पौंडांत काय होतं, काय नाही

ब्रिटनमध्ये साधारण दोन पौंडांना मिळणारी ही चावी म्हणजे बोटभर पितळ. एका टोकाला फुलपाखरासारखे कान, दुसऱ्या टोकाला 5 मिमीचं चौकोनी भोक. घर गरम ठेवणाऱ्या, गरम पाणी फिरणाऱ्या रेडिएटरमध्ये धरलेली हवा काढायची, एवढंच तिचं काम, आणि ते ती चोख करते. घ्यायची तर भरीव पितळेचीच घ्या. ओतीव जस्ताची स्वस्त पडते, पण रंगाच्या थराखाली जाम झालेल्या, हवा सोडायच्या स्क्रूवर दोनदा जोर लावला की भोकाचे कोपरे झिजतात आणि चावी नुसती गरगर फिरते.

चावी लावण्याआधी हात लावा. रेडिएटर वर गार आणि खाली गरम असेल तरच ही चावी कामाची. हीटिंग बंद करून पाणी निवू द्या. पंप चालू असला तर उलट हवा आत ओढली जाऊ शकते. फडकं धरा, स्क्रू डावीकडे पाव ते अर्धा फेराच फिरवा, पूर्ण काढू नका. आधी फुस्स आवाज, मग थुंकल्यासारखे काळपट थेंब, मग सलग धार. धार आली की लगेच बंद. (फडकं जुनं घ्या, हे डाग गालिच्यातून निघत नाहीत.) फुसफुस थांबली पण पाणी आलंच नाही, तर प्रेशर संपलंय. बंद सिस्टिम असेल, म्हणजे माळ्यावरच्या टाकीतून आपोआप पाणी येत नसेल, तर बॉयलरवरचा प्रेशरचा काटा बघा. गार असताना तो 1 ते 1.5 बारवर हवा. कमी असेल तर फिलिंग लूपमधून, म्हणजे नळाचं पाणी सिस्टिममध्ये सोडणाऱ्या जोडनळीतून, पाणी भरा.

बरेच जण रेडिएटर गार दिसला की चावीच घेऊन धावतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! वर गरम आणि खाली मधोमध गार असेल तर तळाशी काळा गाळ बसलाय, म्हणजे आतल्या लोखंडाचा गंज. तिथे रेडिएटर उतरवून धुवायला किंवा सगळी सिस्टिम फ्लश करायला लागते.

एकच रेडिएटर पूर्ण गार असेल तर संशय टीआरव्हीवर, म्हणजे खोलीच्या तापमानानुसार पाणी कमी-जास्त करणाऱ्या, आकडे असलेल्या व्हॉल्व्हवर. उन्हाळाभर तो बंद राहिला की आतली पिन दबलेली तशीच चिकटते. टोपीखालची रिंग हाताने सोडवून टोपी काढा आणि पिन पान्याच्या सपाट बाजूने हलके दाबा. तिने स्प्रिंगसारखं 3-4 मिमी वर यायला हवं. पक्कडीने ओढू नका, उपटून आली तर पाणी घरभर. पुढच्या उन्हाळ्यात व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा. पिन ठीक असेल तर दुसऱ्या टोकाचा लॉकशील्ड, म्हणजे टोपीखाली झाकलेला व्हॉल्व्ह, कुणी बंद तर केला नाही ना, बघा.

आणखी एक. त्याच रेडिएटरमध्ये दर काही आठवड्यांनी हवा साठत असेल, तर ती कदाचित हवा नसतेच. गंजताना हायड्रोजन तयार होतो. तेव्हा जवळ पेटती मेणबत्ती, सिगारेट नको. दोष चावीचा नाही, पाण्यात इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारं रसायन, उरलेलं नसतं. साधारण 100 लिटर पाण्याला एक लिटर लागतं, तरी बाटलीवरचं प्रमाण वाचूनच ओता.

पाच पैकी चार तारे. एक कापला तो आकारापायी: खिडकीच्या कट्ट्याखाली भिंतीला चिकटलेल्या रेडिएटरवर तिचे कान फिरायला जागाच उरत नाही. तिथे लांब दांड्याची चावी बरी.