सिस्टम-डी, दहा महिन्यांनंतर: वीज जाऊन आली तरी काटा चालू

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा सर्व्हर मी सांभाळतो. त्यावर उबंटू २२.०४ हे लिनक्स आहे. पोस्टग्रेस डेटाबेस, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, रात्रीचा बॅकअप आणि गेटवरच्या वजनकाट्याचा आकडा वाचून नोंदवणारा माझा पायथन प्रोग्राम, एवढंच चालतं. हा काट्याचा प्रोग्राम मी कित्येक महिने ‘स्क्रीन’मध्ये (लॉगआउट केलं तरी प्रोग्राम मागे चालू ठेवणारी सोय) सुरू करून सोडून देत होतो. मे महिन्यात वळवाच्या पावसात रात्री वीज गेली, यूपीएस संपला, सर्व्हर बंद पडला. वीज आल्यावर मशीन आपोआप उठलं, डेटाबेसही उठला. काटा उठला नाही. रात्री दोनला सुपरवायझर काकांचा फोन : “दादा, काट्याचा आकडा कॉम्प्युटरवर दिसंना. गेटवर तीन गाड्या हुब्या हायत.” राजारामपुरीतून निघून तावडे हॉटेलमार्गे पंचगंगेचा पूल ओलांडत भिजत शिरोलीला गेलो, एक कमांड दिली आणि परत आलो. लिनक्स मशीन उठलं की त्यावरचे प्रोग्राम सुरू करून सांभाळतो तो सिस्टम-डी, आणि असा प्रत्येक प्रोग्राम म्हणजे त्याची एक ‘सर्व्हिस’. दुसऱ्या दिवशी बसून माझ्या प्रोग्रामची सर्व्हिस फाइल लिहिली.

आता दहा महिने झाले. सगळा पावसाळा यात गेला, म्हणून सविस्तर लिहितोय.

सर्व्हिस फाइल लिहिणं अवघड नाही, दहा-बारा ओळी पुरतात. कोणता प्रोग्राम, कोणत्या युजरने चालवायचा, पडला तर काय करायचं. पहिली चूक मात्र मी लगेच केली. सिस्टम-डीची ‘सिस्टमसीटीएल स्टार्ट’ ही कमांड दिली, काटा चालू झाला, मी खूश. जूनमध्ये पुन्हा वीज गेली आणि पुन्हा तोच फोन. ‘स्टार्ट’ म्हणजे फक्त आत्ता. मशीन पुढच्या वेळी उठेल तेव्हाही सर्व्हिस उठायला हवी असेल तर ‘एनेबल’ द्यावं लागतं, आणि दोन्ही एकदम हवं असेल तर ‘एनेबल’ला ‘नाऊ’ जोडायचं. ‘एनेबल’ दुसरं काही करत नाही, बूटच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या फोल्डरमध्ये आपल्या फाइलची लिंक ठेवतं. आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे हा फरक इथे पुस्तकी नाही. नवी सर्व्हिस बसवली की मी आता सर्व्हर मुद्दाम रिबूट करून बघतो. त्याशिवाय काम झालं असं म्हणत नाही.

पुढच्या वेळी ‘एनेबल’ होतं, तरी काटा आला नाही. या वेळचं कारण शोधायला मात्र शिरोली गाठावी लागली नाही. घरूनच लॉगिन करून सिस्टम-डीच्या नोंदी (लॉग) दाखवणाऱ्या ‘जर्नलसीटीएल’ला सर्व्हिसचं नाव दिलं, आणि सगळी गोष्ट मिनिटा-सेकंदासकट समोर. सिस्टम-डी शक्य तितक्या सर्व्हिसेस एकाच वेळी उठवतो. वीज अचानक गेल्यामुळे डेटाबेस आधी स्वतःची सावरासावर करत होता, तोवर माझा प्रोग्राम उठला, डेटाबेस सापडला नाही म्हणून पडला. पडल्यावर पुन्हा उठवायला मी सांगितलं होतं, पण दोन प्रयत्नांमधलं अंतर दिलं नव्हतं. ते न दिल्यास १०० मिलिसेकंद असतं. आणि १० सेकंदांत पाच वेळा उठवूनही सर्व्हिस पडली तर सिस्टम-डी तिचा नाद सोडतो. म्हणजे डेटाबेस तयार व्हायच्या आत माझे पाचही प्रयत्न संपले होते. अंतर १० सेकंद केलं, शिवाय ‘आफ्टर’मध्ये पोस्टग्रेसचं नाव घातलं. एक लक्षात ठेवा : ‘आफ्टर’ फक्त क्रम सांगतं. ती दुसरी सर्व्हिस उठवायचीच असेल तर ‘वॉन्ट्स’ किंवा ‘रिक्वायर्स’ वेगळं लिहावं लागतं. फाइल बदलल्यावर ‘डेमन-रिलोड’ द्यायचं, नाहीतर जुनीच फाइल चालत राहते.

उबंटूवर पोस्टग्रेसचं स्टेटस पाहिलं तर ‘अ‍ॅक्टिव्ह’ आणि पुढे ‘एक्झिटेड’ दिसतं. पहिल्यांदा पाहून माझा जीव वर-खाली झाला होता. ती नुसती छत्री सर्व्हिस आहे, खरा डेटाबेस आवृत्तीचा आकडा असलेल्या दुसऱ्या नावाखाली चालतो. हे कुठेतरी ठळक सांगायला हवं होतं.

तक्रारी आहेत. ‘स्टॉप’ दिल्यावर माझा प्रोग्राम दीड मिनिट हलायचाच नाही. सिस्टम-डी आधी थांबायचा निरोप देतो, ९० सेकंद वाट बघतो, मग जबरदस्तीने मारतो. काट्याच्या पोर्टवर वाचत बसलेला माझा कोड निरोपाकडे बघतच नव्हता, आणि मेमरीतल्या नोंदी जायच्या. चूक माझ्या कोडची, ती दुरुस्त केली. पण कमांड नुसती गप्प बसून राहते, कशासाठी थांबली आहे हे तिथंच कळायला हवं. सिस्टम-डी स्वतःचे लॉग साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवत नाही, ही जुन्या लोकांची तक्रारही मला पटते. आपली डिस्क लहान, म्हणून लॉगला ‘सिस्टममॅक्सयूज’ने मर्यादा घातली.

२०१० साली लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी हे सुरू केलं, तेव्हापासून वाद चालू आहे. उबंटू ज्यावर बेतलेलं आहे त्या डेबियन लिनक्सने २०१४ मध्ये ते मुख्य म्हणून घ्यायचं ठरवलं, तेव्हा काही लोक वेगळे होऊन देव्हुआन हे सिस्टम-डी नसलेलं डेबियन काढून बसले. त्यांचे मुद्दे मी वाचले. एकाच गोष्टीच्या हातात फार कारभार आहे हे खरं. पण एकट्याने सर्व्हर सांभाळणाऱ्याला ‘फेल्ड’ सर्व्हिसेसची यादी एका कमांडमध्ये मिळते, हे माझ्यासाठी त्याहून मोठं आहे.

बॅकअपसुद्धा क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा जुना प्रोग्राम) काढून सिस्टम-डीच्या टायमरवर आणला. ठरल्या वेळी मशीन बंद असेल तर क्रॉन ती पाळी सोडून देतो. टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ चालू ठेवलं की मशीन उठल्यावर चुकलेला बॅकअप घेतला जातो. पावसाळ्यात हे चार वेळा कामी आलं.

सुपरवायझर काकांना मी काट्याचं स्टेटस बघायला शिकवलं, आणि सुडोमध्ये (अ‍ॅडमिनचे अधिकार वाटून देणारी सोय) त्यांना तेवढ्या एका सर्व्हिसच्या रिस्टार्टची परवानगी दिली. स्टेटसच्या पहिल्या ओळीत ठिपका असतो, चालू असेल तर हिरवा, पडलं असेल तर लाल. मागच्या महिन्यात काट्याची केबल सैल झाली होती. सकाळी सातला त्यांचा फोन आला : “दादा, रात्री ठिपका लाल हुता. केबल घट्ट केली, रिस्टार्ट मारलं, हिरवा झाला. तुमास्नी उठवलं न्हाई.”