ई-कोर्ट्स अ‍ॅप: शिक्षेविरुद्ध अपील करणाऱ्याला किती उपयोगी?

दापोली किंवा सावंतवाडीहून तारखेसाठी जिल्हा न्यायालय गाठण्यात दिवस मोडतो. तो हे मोफत अ‍ॅप वाचवतं. सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाका. पुढची तारीख, रोजनामा (त्या दिवशी न्यायालयात काय झालं याची नोंद), निकाल दिसतो. क्रमांक नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधा, पण निकाली प्रकरणासाठी ‘डिस्पोज्ड’ निवडा. इथेच बहुतेक अडतात आणि ‘नोंद नाही’ समजून बसतात.

खरी किंमत आहे ती निकालपत्राची. इंग्लंडात ज्युरी, म्हणजे दोषी की निर्दोष ठरवणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, कारणं देत नाही. ज्युररने (ज्युरीच्या सदस्याने) इंटरनेटवर खटल्याची माहिती शोधणं तिथे २०१५ पासून गुन्हा आहे, पण बंद खोलीतली चर्चा गोपनीय. त्यामुळे तसं काही घडल्याचं उघड झालं, तरच त्या कारणावरून दोषी ठरवणारा निकाल ‘अनसेफ’ (विसंबता न येण्याजोगा) ठरवण्याची वाट खुलते. आपल्याकडे न्यायाधीशाला कारणं लिहावीच लागतात. कुठला साक्षीदार का मानला, उलटतपासणीतली विसंगती का सोडली, हे परिच्छेदागणिक तपासता येतं. पूर्वी आपल्याकडेही ज्युरी होती: नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात १९५९ साली ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं.

उणीव मोठी आहे: साक्षी आणि निशाण्या (पुरावा म्हणून दाखल झालेली कागदपत्रं, वस्तू) अ‍ॅपवर मिळत नाहीत. अ‍ॅपवरची पीडीएफ म्हणजे सही-शिक्क्याची नक्कलही नव्हे. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत लगेच, विनामूल्य मिळायला हवी, ती मागाच. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात साधारण ६० दिवस, दंडाधिकाऱ्याच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात ३०. नक्कल मिळायला लागलेले दिवस या मुदतीत मोजले जात नाहीत, म्हणून अर्जाची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख नकलेवर नीट पाहून घ्या.