गॉगचे ऑफलाइन इन्स्टॉलर: डबा की डाउनलोड यावर भांडण्याआधी हे बघा

गॉग ही पीसी गेम विकणारी साइट. तिथे गेम घेतला की लायब्ररीत त्याच्या पानावर दोन रस्ते दिसतात, एक म्हणजे त्यांच्या गॅलॅक्सी नावाच्या ॲपमधून (क्लायंटमधून) इन्स्टॉल करा, आणि दुसरा जरा खाली, कोणाचं फारसं लक्ष जात नाही असा, ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर. हा रिव्ह्यू त्या दुसऱ्याचा आहे. कारण माझ्या मते त्या साइटवर पैसे घालवायचं खरं कारण तेवढंच आहे, बाकी मित्रांची यादी, मॉड्स, कंट्रोलर सपोर्ट, सेल असल्या सगळ्या बाबतीत स्टीम हे दुसरं मोठं गेमचं दुकान कधीचं पुढे गेलंय.

प्रकार एकदम साधा आहे. एक छोटी सेटअपची ईएक्सई फाईल मिळते आणि गेम मोठा असेल तर तिच्यासोबत बिन (.bin) फाईल्स, प्रत्येक साधारण 4 जीबीपर्यंतची. सगळ्या एका फोल्डरमध्ये ठेवायच्या (एक जरी राहिली तर इन्स्टॉल पुढे सरकत नाही), एक्स्टर्नल ड्राइव्हवर कॉपी करायच्या, झालं. मी वायफाय बंद करून, गॅलॅक्सी काढून टाकून, दुसऱ्याच मशीनवर करून बघितलं, डबल क्लिक, नेक्स्ट नेक्स्ट, गेम सुरू. लॉगिन नाही, सिरियल की टाकायची नाही, सर्व्हरशी संपर्क होत नाहीये असला मेसेज नाही. जुन्या काळात गेम असाच टाकायचो की आपण, आता त्याचं कौतुक करावं लागतंय हेच गमतीशीर आहे.

आता यावर लगेच कोणीतरी म्हणणार की मग दुकानातून डब्यातली डिस्कच घे ना, हातात तरी असते. कन्सोलवाल्यांसाठी हे बऱ्यापैकी खरं आहे पण पीसीवर डब्याचा अर्थ केव्हाच संपलाय. 2004 मध्ये हाफ-लाइफ 2 आला तेव्हा दुकानातून डबा आणणाऱ्यालाही स्टीम अकाउंट काढून ऑनलाइन ॲक्टिव्हेट करावंच लागत होतं, आणि तेव्हा लोक खूप चिडले होते, पुढे सगळ्यांना सवय झाली. 2015 ला मेटल गिअर सॉलिड 5 च्या पीसी डब्यातल्या डिस्कवर काय होतं तर जेमतेम 8 एमबीचा स्टीमचा इन्स्टॉलर. गेम नाहीच. सायबरपंक 2077 च्या पीसी डब्यात तर डिस्कच नव्हती, कोडचा कागद आणि इतर वस्तू. असा डबा म्हणजे भाड्याच्या घरावर लावलेली आपल्या नावाची पाटी, दिसायला छान.

बरं ज्या डिस्कवर खरोखर पूर्ण गेम आहे ती तरी चालते का, तर तेही बघा. 2000 च्या आसपासच्या कितीतरी गेमांवर सेफडिस्क नावाचं कॉपी प्रोटेक्शन होतं, त्याला विंडोजमधला एक ड्रायव्हर लागायचा. त्या ड्रायव्हरमध्ये सिक्युरिटीची भोकं होती म्हणून मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये विंडोज 10 मधून तो सपोर्टच काढला आणि जुन्या विंडोजवरही अपडेट देऊन बंद केला. मायक्रोसॉफ्टची चूक म्हणता येणार नाही, पण परिणाम असा की ओरिजिनल डिस्क ड्राइव्हमध्ये फिरतेय आणि गेम उघडत नाहीये. नाव घेत नाही पण माझ्याकडचा एक डबा यापुढचा आहे, डीव्हीडीवरून पूर्ण इन्स्टॉल होतो, मॅन्युअलच्या मागे छापलेली की पण बरोबर आहे, फक्त शेवटी ॲक्टिव्हेशनची खिडकी येते आणि जिथे ती विचारायला जाते तो सर्व्हर आता नाहीये. सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं की या प्रॉडक्टला आता सपोर्ट नाही. म्हणजे कंपनीने विकलेलं कुलूप, कंपनीच किल्ली ठेवणार, आणि कंपनीच म्हणणार आम्ही दुकान आवरलं.

म्हणून डिस्क की डाउनलोड हा वादच मला फिजूल वाटतो. गेम सुरू होताना कोणाला विचारतो ते बघा. कोणालाच विचारत नसेल तर तो तुमचा आहे, मग तो प्लास्टिकवर असो नाहीतर हार्ड डिस्कवर.

विचारण्याचे प्रकार पण काय काय काढले या लोकांनी. 2007 ला बायोशॉक आला तो सेक्युरॉम नावाच्या प्रोटेक्शनसोबत, सुरुवातीला फक्त 2 ॲक्टिव्हेशन, ओरड झाल्यावर 5 केली. पुढच्या वर्षी स्पोअरमध्ये 3, परत ओरड, परत 5. मशीन बदललं की त्यातलं एक गेलं, अरे गेम घेतलाय की रेशन कार्ड. मग ॲक्टिव्हेशन एकदाच कशाला, कायमच नेट लागू दे असं सुरू झालं, 2010 मध्ये ॲसासिन्स क्रीड 2 पीसीवर त्याच पद्धतीने आला आणि मार्चमध्ये सर्व्हरवर हल्ला झाला तेव्हा एकट्याने खेळायचा गेम घेऊन लोक बसून राहिले. 2012 ला डायब्लो 3 चा एरर 37, म्हणजे सर्व्हर भरलेत म्हणून लॉगिनच होईना, तो तर सगळ्यांनाच आठवत असेल. आणि 2013 चा सिमसिटी, सर्व्हर कोसळले, लोकांनी ऑफलाइन मागितलं तर कंपनीने सांगितलं की त्याला फार मोठं काम करावं लागेल, आणि साधारण वर्षभराने ऑफलाइन मोडचा अपडेट आला. हो, आलाच. डेनुवो या कॉपी प्रोटेक्शनचा किस्सा त्याहून भारी आहे, 2021 च्या शेवटी इंटेलचे नवीन प्रोसेसर आले ज्यात मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोर असतात, आणि काही गेममधल्या प्रोटेक्शनला वाटलं ही दोन वेगळी मशीन आहेत, गेम बंद. इंटेलला अशा गेमांची यादी काढावी लागली होती.

सगळ्यात वाईट म्हणजे द क्रू. 2014 चा रेसिंग गेम, बराचसा भाग एकट्याने खेळता येण्यासारखा, पण सतत सर्व्हर लागायचा. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद, मग डिस्कवाले आणि डाउनलोडवाले दोघंही सारखेच बाहेर, आणि त्यानंतर लोकांच्या अकाउंटमधून लायसन्स पण काढून घेतलं. स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम यातूनच निघाली, युरोपात त्यांच्या मागणीवर 10 लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी पण किती साधी, विकलेला गेम बंद करताना तो चालू राहील अशा अवस्थेत सोडून जा.

कॅलिफोर्नियात 2024 मध्ये कायदा झाला की डिजिटल वस्तू विकताना हे फक्त लायसन्स आहे हे स्पष्ट सांगा, तेव्हापासून स्टीमच्या कार्टमध्ये तशी ओळ दिसते. गॉगने लगेच संधी साधून आमचे ऑफलाइन इन्स्टॉलर तुमच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही अशी जाहिरात केली. चतुरपणा आहे हा थोडा. कागदावर गॉग पण लायसन्सच देतं, करार वाचा त्यांचा. फरक कायद्याचा नाहीये, फरक एवढाच की उद्या गॉग बंद पडलं, अकाउंट उडालं, तरी तुमच्या ड्राइव्हवरच्या फाईलला काही होत नाही. आणि हे फक्त डाउनलोड करून ठेवलं असेल तरच हां! नुसतं लायब्ररीत पडलेला गॉगचा गेम आणि स्टीमचा गेम यात काडीचाही फरक नाही, हे बरेच जण विसरतात आणि डीआरएम (म्हणजे गेमवरचं असलं कुलूप) नाही म्हणून निवांत झोपतात.

आता त्रास. बॅकअपचं काम तुमच्या गळ्यात, कंपनी फक्त फाईल देते. जुने गेम काही जीबीचे असतात, पटकन होतात, पण बाल्डर्स गेट 3 सारखा गेम 100 जीबीच्या वर जातो, ब्राउझरमधून एकेक फाईल उतरवणं म्हणजे शिक्षा. गॅलॅक्सीमधूनही हे इन्स्टॉलर उतरवता येतात ते बरं पडतं, लिनक्सवाले एलगॉगडाउनलोडर नावाचं टूल वापरतात. पॅच आला की गॅलॅक्सीवाल्यांना आधी मिळतो, ऑफलाइन इन्स्टॉलर कधीकधी मागे राहतो, त्यामुळे नवीन गेम लगेच साठवून ठेवण्यात अर्थ नाही, अपडेट थांबले की मग उतरवा. मल्टिप्लेअरला बऱ्याच गेममध्ये गॅलॅक्सी लागतंच. मोठे नवीन गेम इथे उशिरा येतात किंवा येतच नाहीत.

आणि डीआरएम नाही हा शब्दही किती ताणतात ते 2021 मध्ये दिसलं, हिटमॅन गॉगवर आला पण त्यातली बरीच प्रगती आणि अनलॉक ऑनलाइन असल्याशिवाय मिळत नव्हते, लोकांनी धुतलं आणि दोनेक आठवड्यांत गेम काढून टाकला. काढला हे चांगलं केलं, पण आणलाच कशाला हा प्रश्न उरतोच.

रिफंड मात्र खरंच उदार आहे, 30 दिवस, गेम उतरवून खेळला असला तरी. स्टीमवर 14 दिवस आणि 2 तासांच्या आत खेळलेला हवा. फुकटे लोक इन्स्टॉलर ठेवून पैसे परत मागत असतीलच, तरी त्यांनी ठेवलंय हे.

डिस्कची एक गोष्ट गॉगकडे नाही, खेळून झाला की गेम विकता येत नाही, भावाला देऊन टाकता येत नाही. कन्सोलवर ज्या डिस्कवर पूर्ण गेम आहे तिथे डिस्कच घ्या असं मी आजही सांगेन.

स्टीमला सरसकट नावं ठेवू नका पण, तिथलेही बरेच गेम क्लायंटशिवाय नुसत्या फोल्डरमधून चालतात, फक्त स्टीम ते दुकानात कुठे सांगत नाही. घेण्याआधी गेमच्या पानावर उजवीकडे बघा, डेनुवो किंवा दुसऱ्या कंपनीचं अकाउंट लागणार असेल तर तिथे लिहिलेलं असतं. आणि जुन्या डब्यांसाठी पीसीगेमिंगविकी ही साइट उघडा, डिस्कवाल्या, स्टीमवाल्या आणि गॉगवाल्या आवृत्तीत कुठलं प्रोटेक्शन आहे ते वेगवेगळं दिलेलं असतं, सेकंडहँड डिस्क घेताना हे न बघता पैसे देऊ नका.