कोकणात घराला बॅकअप घेताय? ट्युब्युलर, लिथियम, ऑन-ग्रिड की हायब्रिड

दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो "किती किलोवॅट टाकायचं?" आणि तिथंच गडबड सुरू होते. त्याच्या आधी हे ठरवा की तुम्हाला बिल कमी करायचंय की लाईट गेल्यावर घर चालू ठेवायचंय, कारण ही दोन वेगळी कामं आहेत. सोलर बसवलं म्हणजे दोन्ही झालं असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. छपरावर ३ किलोवॅटची पॅनल आणि जुलैच्या रात्री घरात मेणबत्ती, अशी घरं मी बघितलीत आणि त्या लोकांना आधी कुणी काही सांगितलेलंच नव्हतं याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

ऑन-ग्रिड सिस्टीम म्हणजे पॅनल, इन्व्हर्टर आणि नेट मीटर (लाईनीतून घेतलेली आणि लाईनीला दिलेली वीज दोन्ही मोजणारा), बॅटरी नाही. तिचा इन्व्हर्टर महावितरणच्या लाईनीला धरून चालतो, लाईन बंद की तो पण बंद, मग बाहेर कडक ऊन का असेना. हा बिघाड नाही, मुद्दाम तसं ठेवलेलं असतं, कारण आपल्या छपरावरची वीज उलटी लाईनीत गेली तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. आणखी एक, लाईनीच्या टोकाला असलेल्या वाड्यांमध्ये व्होल्टेज फार खाली-वर होतं, ते ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं तरी हा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो आणि तेवढा वेळ पॅनल नुसती ऊन खात बसतात. तेव्हा तुमच्याकडे दुपारी किती व्होल्ट असतात ते आधी मोजून घ्या.

पण बिलासाठी ऑन-ग्रिड चांगलंच आहे, त्यात वाद नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये सबसिडी मिळते. चांगल्या उन्हात १ किलोवॅटमागे रोजचे ४ युनिट धरा, पावसाळ्यात ते निम्म्यावर येतं आणि झड लागली की त्याहून खाली. नेट मीटरचा हिशेब आर्थिक वर्षाचा असतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये जादा गेलेले युनिट जुलै-ऑगस्टला कामी येतात, हे कोकणाला छान जुळतं. बारा महिने घरात राहता, एसी आहे, दोन-चार खोल्यांचं होमस्टे आहे, तर जरूर घ्या. महिन्याला पाचशे-सहाशे बिल येणाऱ्या दोन माणसांच्या घराने मात्र कुणाच्या आग्रहाला बळी पडून ३ किलोवॅट टाकू नये.

आता बॅकअप. इथं माझं मत ठाम आहे, कोकणात बॅकअप मे महिन्याकडे बघून निवडायचा नसतो, जुलैकडे बघून निवडायचा. आपल्याकडे लाईट जास्त जाते ती नेमकी झाड पडलं, फांदी तारेवर आली, डीपी उडाली अशा दिवसांत, आणि त्याच दिवसांत पॅनल फारसं काही देत नाहीत. म्हणून पहिला पैसा बॅटरीवर आणि चार्जरवर, पॅनल त्यानंतर.

त्याच्याही आधी पंखे बघा. साधा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. तीन पंखे रात्रभर आठ तास चालले तर साधे १८०० वॅट-अवर खातात आणि बीएलडीसी ७२०. फरक १०८० चा. १२ व्होल्ट १५० एएच (अँपिअर-अवर) ची ट्युब्युलर, म्हणजे पाणी टाकावी लागणारी लेड-ॲसिड बॅटरी, कागदावर १८०० वॅट-अवर असते पण तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरावी, म्हणजे ९००. तीन पंखे बदलून तुम्ही एका अख्ख्या बॅटरीपेक्षा जास्त वाचवलंत, आणि पंख्याला पाणी टाकावं लागत नाही.

ट्युब्युलर की लिथियम हा खरा प्रश्न. लिथियम म्हणजे इथे एलएफपी, लिथियम आयर्न फॉस्फेट. १२.८ व्होल्ट १०० एएचची एलएफपी म्हणजे १२८० वॅट-अवर, त्यातली ८०-९० टक्के बिनधास्त वापरता येते. म्हणजे १०० एएच लिथियम १५० एएच ट्युब्युलरच्या बरोबरीला येते, किंबहुना थोडी पुढेच जाते, तेव्हा दोन्हींचे एएच समोरासमोर ठेवून भाव करू नका. पैसे लिथियमला जास्त जातात, साधारण दुप्पट धरा. पण ट्युब्युलरचे सायकल (एकदा भरून उतरली की एक) हजार-दीड हजार आणि एलएफपीचे तीन हजारांच्या पुढे, शिवाय ट्युब्युलर पन्नास-साठ किलोची, गॅस सोडते त्यामुळे हवेशीर जागा लागते, दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर बघायचं. आपल्या हवेत टर्मिनलवर ती पांढरट-हिरवट भुकटी जमते ती तुम्ही बघितलीच असेल, नट दिसेनासा होईपर्यंत चढते, मग गरम पाणी आणि खायचा सोडा घालून धुवायचं, पुसून कोरडं करायचं आणि वर पेट्रोलियम जेली लावायची. हे करणारं माणूस घरात असेल तर ट्युब्युलर आजही चांगली आहे, तालुक्याच्या ठिकाणी लगेच मिळते, जुनी परत देऊन पैसे सुटतात आणि ती कुणालाही कळते.

पण मला जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते ती चार्जिंगची आहे, आणि ती कुणी विचारत नाही. पावसात दिवसभर लाईट नसते आणि मध्येच दोन-तीन तास येते, पुन्हा जाते. ट्युब्युलर तेवढ्या वेळात भरतच नाही, १५० एएचला १५ अँपिअरने दहा-बारा तास लागतात, त्यात शेवटचा भाग फारच हळू भरतो. एलएफपी ५० अँपिअर घेऊ शकते, दोन-अडीच तासांत तयार. मात्र इन्व्हर्टरचा चार्जर तेवढा देणारा पाहिजे. साध्या घरगुती इन्व्हर्टरचा चार्जर १०-१५ अँपिअरचा असतो, त्याला लिथियम जोडली तर तिचा हा गुण वाया गेला. म्हणून दुकानात बॅटरीच्या आधी विचारा, "चार्जिंग करंट किती?"

दुसरी अडचण जुन्या इन्व्हर्टरची. ट्युब्युलरच्या सेटिंगवर काही इन्व्हर्टर व्होल्टेज १५ च्या वर नेतात आणि १२.८ ची एलएफपी १४.६ ला भरलेली असते, मग तिच्या आतलं संरक्षण सर्किट, बीएमएस, बॅटरी तोडतं आणि लोक म्हणतात लिथियम खराब निघाली. इन्व्हर्टरला लिथियमचं सेटिंग हवंच. आणि लेबल वाचा. १२.८, २५.६, ५१.२ असे आकडे असतील तर एलएफपी, कारण तिचा एक सेल ३.२ व्होल्टचा. ११.१ किंवा १४.८ लिहिलं असेल तर ती दुसऱ्या जातीची लिथियम आहे, ती झोपायच्या खोलीशेजारी मी तरी ठेवणार नाही.

चाकरमान्यांच्या बंद घराचं वेगळं सांगतो. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढंच उघडणारं घर असेल तर ट्युब्युलर घेऊ नका. बंद घरात मेन स्विच पाडून गेलं की ती महिनोन्‌महिने आपोआप उतरत जाते, प्लेटवर सल्फेट धरतं आणि गणपतीला येऊन बघावं तर अर्धा तास पण पंखा ओढत नाही. एलएफपी निम्मी-अधिक भरून, इन्व्हर्टरपासून सोडवून ठेवली तर काही महिने शांत राहते. इथं जादा पैसे वसूल होतात.

मग पॅनलचं काय, तर पॅनल आणि बॅटरी एकत्र लागतात ती वादळानंतर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला आलं त्यानंतर श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्तेने रत्नागिरी-सिंधुदुर्गाला झोडपलं. अशा वेळी ग्रिडवरून भरायची सोयच नसते, आणि वादळ गेल्यावर ऊन पडतं. तेव्हा ज्याच्या छपरावर दोन पॅनल शाबूत आणि खाली बॅटरी, त्याच्याकडे अख्खी वाडी मोबाईल चार्ज करायला येते.

यातला स्वस्त मार्ग म्हणजे ऑफ-ग्रिड सोलर इन्व्हर्टर, त्याला दोन पॅनल. सबसिडी नाही, नेट मीटर नाही, बॅटरी भरली की उरलेलं ऊन फुकट. चालेल, गरज तेवढीच असेल तर. पण पॅनलची वीज बॅटरीत भरणारा कंट्रोलर एमपीपीटीच घ्या, तो पॅनलची पूर्ण ताकद काढून घेतो. पीडब्ल्यूएम, म्हणजे साधा कंट्रोलर, वाईट असं नाही, पण आज मिळणारं ५४० वॅटचं पॅनल साधारण ४१ व्होल्टला १३ अँपिअर देतं, ते १२ व्होल्टच्या पीडब्ल्यूएमला जोडलं की व्होल्टेज बॅटरीच्या पातळीला खाली येतं आणि हातात जेमतेम १७० वॅट. एका विक्रेत्याने आमच्या ओळखीत असाच जोड बसवून दिला होता, मालक बिचारे वर्षभर पॅनलला दोष देत होते.

हायब्रिड म्हणजे पॅनल, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही एकत्र, नेट मीटर पण आणि लाईट गेल्यावर घर पण. महाग आहे, पॅनलच्या भागाला सबसिडी मिळू शकते पण बॅटरीला नाही. होमस्टे असेल, घरात आजारी माणूस असेल, मच्छीचा फ्रीजर असेल, तर मी हेच सांगेन, ५ किलोवॅटचा हायब्रिड आणि ५१.२ व्होल्ट १०० एएच म्हणजे साधारण ५ युनिटची एलएफपी. घेताना दोन गोष्टी पक्क्या करा. एक, बॅकअपची वायरिंग वेगळी काढून घ्या, पंखे, दिवे, फ्रिज, वायफाय त्यावर आणि गिझर-एसी बाहेर. दोन, सेटिंग. उन्हाळ्यात "आधी सोलर" ठीक आहे, पण मृग लागला की ते बदलून ग्रिडवरूनही बॅटरी भरेल असं करा, नाहीतर ढगाळ दिवशी लाईट असूनही ती सोलरची वाट बघत अर्धीच राहते आणि संध्याकाळी सातला लाईट गेली की तुम्ही अंधारात. हे बदलायचं कसं ते बसवणाऱ्याकडून मोबाईलवर करून बघा, तो निघून जायच्या आधी.

विहिरीचा पंप. १ एचपीचा पंप चालू होताना क्षणभर चार-सहा पट करंट खेचतो, ९०० व्हीएचा इन्व्हर्टर नुसता ओरडून बंद पडतो. पंपासाठी इन्व्हर्टर मोठा करत जाण्यापेक्षा हजार लिटरची टाकी वर बसवा आणि लाईट असेल तेव्हा भरून ठेवा, किती तरी स्वस्तात काम होतं. बागेला पाणी लागतं ते तसंही पावसाळ्यानंतर.

खारी हवा हा विषय शहरातल्या माहितीत कुठे सापडत नाही. समुद्रापासून जवळ असाल तर रंग मारलेल्या लोखंडाचा सांगाडा नको, हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं) किंवा ॲल्युमिनियम, नट-बोल्ट ३१६ स्टेनलेसचे मागा, ३०४ ला पण डाग पडतात. पॅनल आयईसी ६१७०१ या खाऱ्या हवेच्या चाचणीत पास आहे का ते कागदावर बघा. इन्व्हर्टर समुद्राकडच्या पडवीत अजिबात लावू नका, त्याचा पंखा खारी हवा आत ओढतो आणि बोर्ड खातो, माजघरातल्या कोरड्या भिंतीवर लावा. कौलारू छपरावर पॅनल ठोकायचा नाद नको, कौलं फुटतात, वर माकडं आहेतच, स्लॅब किंवा खळ्याच्या कडेला मजबूत स्टँड बरा. माडाखाली तर नकोच, झावळीची सावली एका पॅनलवर पडली तरी अख्ख्या ओळीची वीज घटते, नारळ पडला तर काच गेली. आंब्याखाली मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा बसतो, तो पावसाशिवाय सहज जात नाही, ओल्या फडक्याने सकाळी पुसायचा.

आणि अर्थिंग. आपल्या कातळात, जांभ्यात अर्थिंग चांगलं बसत नाही, नुसता रॉड ठोकून गेले तर समजा काहीच केलं नाही. मे अखेरच्या आणि ऑक्टोबरच्या विजा तुम्हाला माहीत आहेत. एसी (घराकडची बाजू), डीसी (पॅनलकडची बाजू) आणि लायटनिंग अरेस्टर अशी तीन वेगळी अर्थिंग, एसी-डीसी दोन्ही बाजूंना एसपीडी म्हणजे व्होल्टेजचा झटका अडवणारं उपकरण, आणि मीटर लावून ओहम मोजून दाखवायला सांगा, ५ च्या खाली आला की मगच उरलेले पैसे द्या.

शेवटचं सर्व्हिसचं. १० वर्षांची वॉरंटी पुण्या-मुंबईच्या ऑफिसात असून उपयोग नाही, जुलैमध्ये घाट बंद असताना चिपळूण, रत्नागिरी किंवा कुडाळवरून कोण येणार आणि बॅटरी परत पाठवायची झाली तर भाडं कुणाचं, हे कोटेशनवरच लिहून घ्या. दोन कोटेशन सारखी वाटत असतील तर ज्याने जवळच्या गावात तीन पावसाळे काढलेली सिस्टीम नेऊन दाखवली त्याच्याकडून घ्या, आणि तिथं गेल्यावर मालकाला एकट्याला गाठून विचारा की गेल्या ऑगस्टमध्ये लाईट गेली तेव्हा किती तास चाललं.