मुंग्या येणारं चित्र की थिजणारं चित्र? पहिला एफपीव्ही गॉगल घेण्याआधी

एक जण गच्चीवर अँटेना फिरवतोय आणि दुसरा खाली टीव्हीसमोर बसून "आलं, आलं... गेलं!" असं ओरडतोय. दूरदर्शनच्या काळातला हा प्रसंग ज्यांनी अनुभवलाय, त्यांना अ‍ॅनालॉग एफपीव्ही, म्हणजे रिमोटच्या विमानातून येणारं चित्र गॉगलमध्ये बघत ते उडवणं, वेगळं समजावून सांगावं लागत नाही. विमानाच्या नाकावर बारीकसा कॅमेरा, त्याला जोडलेला व्हीटीएक्स म्हणजे चित्र हवेत सोडणारा ट्रान्समीटर, आणि आपल्या डोळ्यांवर गॉगल. विमान लांब गेलं किंवा झाडाआड गेलं की चित्रात मुंग्या येऊ लागतात. डिजिटलमध्ये या मुंग्या नाहीत. चित्र बराच वेळ काचेसारखं स्वच्छ असतं, मग चौकोन चौकोन दिसतात आणि मग ते जागच्या जागी थिजतं.

2019 मध्ये डीजेआयने आपली डिजिटल एफपीव्ही प्रणाली आणली, तोवर बहुतेकांसाठी हा प्रश्नच नव्हता. सगळेच मुंग्यांतून उडत होते. आता वॉकस्नेल आहे, एचडीझीरो आहे, डीजेआयच्या पुढच्या पिढ्या आहेत, आणि नव्याने शिकू पाहणारा माणूस पहिलाच प्रश्न विचारतो: अ‍ॅनालॉग घेऊ की डिजिटल?

चित्र कोणाचं सुंदर, याबद्दल वाद नाही. डिजिटलचं. पण निर्णय त्यावर घेऊ नका. पहिल्या वर्षात तुम्ही काय उडवणार, कुठे उडवणार आणि ते किती वेळा आपटणार, यावर घ्या. बहुतेकांनी सुरुवात अ‍ॅनालॉगने करावी असं माझं मत आहे. दोन प्रकारच्या लोकांना मात्र मी थेट डिजिटल घ्या असं सांगतो, त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

चित्र जातं कसं

माझं फोमचं विंग (शेपूट नसलेलं, नुसत्या पंखांचं विमान) एकदा उसाच्या फडावरून परत आणत होतो. डावीकडे वळलं की चित्रात मुंग्या दाटायच्या, सरळ झालं की विरायच्या. दोन वळणांत लक्षात आलं की डावीकडे कललं की बॅटरी आणि कार्बनची नळी अँटेना आणि माझ्या मधे येते. मग उजवीकडून मोठा वळसा घेतला आणि विमान घरी आलं. हे मला कोणत्याही आकड्याने सांगितलं नाही, चित्रानेच सांगितलं. अ‍ॅनालॉगचं मोठं देणं हेच आहे. ते बिघडत बिघडत जातं आणि बिघडताना तुमच्याशी बोलतं. रंग जातो, रेघा येतात, दाणे वाढतात, तरी क्षितिज दिसत राहतं. क्षितिज दिसतंय तोवर विमान सरळ ठेवता येतं.

डिजिटल दुवा तुटतो तेव्हा शेवटचं चांगलं चित्र डोळ्यांसमोर थांबून राहतं. ताशी 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 20 मीटर. चित्र एक सेकंद थिजलं तर तेवढ्यात विमान एखाद्या शेताची रुंदी ओलांडून गेलेलं असतं, आणि तुम्ही मात्र मागच्याच आंब्याच्या झाडाकडे बघत असता. याचा अर्थ डिजिटल बेभरवशाचं आहे असा नाही. मर्यादेच्या आत ते फार भरवशाचं असतं. फक्त ती मर्यादा जवळ आल्याचं चित्रावरून उशिरा कळतं, म्हणून कोपऱ्यातल्या बिटरेटच्या (सेकंदाला किती माहिती पोचतेय त्याच्या) आकड्यावर नजर ठेवायची सवय आधी लावावी लागते. नवशिक्याचे दोन्ही डोळे झाडांवर खिळलेले असतात, त्याला तो आकडा दिसत नाही.

एचडीझीरो या बाबतीत वेगळं आहे. डिजिटल असूनही त्याचं चित्र थिजत नाही, ठिपक्याठिपक्यांनी फाटत जातं. चित्र पोचायला लागणारा उशीर, म्हणजे लॅगही, स्थिर राहतो. चित्र डीजेआयइतकं भरीव नसतं, पण शर्यतीत उडवणारे त्याच्याकडे का वळतात, ते यावरून कळतं.

तारा

आता डिजिटलची बाजू, आणि ती मी मनापासून मांडतो. आपल्याकडे शेतावरून उडवताना खरा धोका झाडांचा नसतो, महावितरणच्या तारांचा असतो. अ‍ॅनालॉगमध्ये तार दिसत नाही. स्वस्त बॉक्स गॉगलच्या पडद्यावर 800 गुणिले 480 ठिपके असतात, आणि बोटभर जाडीची तार त्या ठिपक्यांत हरवते. अ‍ॅनालॉगवाला खांब बघून शिकतो: एक खांब दिसला की दुसरा शोधायचा, दोघांच्या मधे तार आहेच असं धरायचं आणि त्या रेषेच्या बऱ्याच वरून जायचं. डिजिटलमध्ये तार दिसते. वाळकी फांदी दिसते, कुंपणाची काटेरी तारही जवळ गेल्यावर दिसते. झाडांमधून, पडक्या वाड्यातून क्वाड (चार पंख्यांचं ड्रोन) काढणाऱ्याला हा फरक रोज जाणवतो.

संक्रांतीचा मांजा मात्र दोन्हींत दिसत नाही. जानेवारीत वस्तीजवळ उडवूच नका.

लॅग: गवगवा जास्त, फरक कमी

अ‍ॅनालॉगमध्ये कॅमेऱ्यापासून डोळ्यापर्यंत चित्र यायला साधारण 20 ते 30 मिलिसेकंद लागतात. डीजेआयसारख्या डिजिटलमध्ये चांगल्या सिग्नलला 30 ते 40, आणि सिग्नल खालावला की त्याहून जास्त. फरक दहा-पंधरा मिलिसेकंदांचा. सेकंदाला 20 मीटर वेगाने त्याचे 20 ते 30 सेंटिमीटर होतात. शर्यतीच्या चौकटीतून क्वाड काढताना तेवढ्याने काठ लागतो. पण मोकळ्या माळावर फोमचं विंग किंवा ट्रेनर प्लेन फिरवणाऱ्याला हा फरक कळणारही नाही. तुम्ही शर्यतीत उतरणार नसाल तर लॅगचे तक्ते बघत रात्री जागवू नका.

आपटल्यावर

पहिल्या वर्षी विमान आपटणार. कितीही सिम्युलेटर केलं तरी आपटणार. तेव्हा अ‍ॅनालॉगचा साधेपणा उपयोगी पडतो. कॅमेरा एका कंपनीचा, व्हीटीएक्स दुसऱ्या, गॉगल तिसऱ्या, तरी सगळ्यांचं एकमेकांशी जमतं. कॅमेरा फुटला तर तीन वायरी काढायच्या आणि नव्या कॅमेऱ्याच्या जोडायच्या. सोल्डर, फ्लक्स, हीटश्रिंक, वायर हे पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळतंच. डिजिटलमध्ये कॅमेरा आणि एअर युनिट (म्हणजे डिजिटलचा ट्रान्समीटर) ही एकाच कंपनीची जोडी असते, आणि ती त्याच कंपनीच्या गॉगलशी बोलते. भारतात फेब्रुवारी 2022 पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सुटे भाग आणता येतात, पण हवा तो भाग हव्या त्या दिवशी मिळेल याची खात्री धरू नका. माझं एक एअर युनिट ओल्या गवतात पडून गेलं, तेव्हा बदली भाग हाती यायला पावसाळा उलटला होता. त्या काळात जुनं अ‍ॅनालॉग विंगच उडवलं.

उन्हाचंही सांगतो. एअर युनिट भरपूर तापतं, त्याला उडतानाचा वारा लागतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात बॅटरी जोडून, गप्पा मारत, जीपीएसची वाट बघत पाच मिनिटं विमान जमिनीवर ठेवलंत तर ते तापून स्वतःची ताकद कमी करतं किंवा बंद पडतं. अ‍ॅनालॉग व्हीटीएक्सही तापतो, पण जमिनीवर असताना त्याला 25 मिलिवॅटवर ठेवून निभावता येतं. अँटेना न लावता मात्र दोन्हींपैकी काहीही चालू करू नका. काही सेकंदांत ट्रान्समीटरचा शेवट होऊ शकतो. बदली अँटेना घेताना ती उजव्या फिरकीची आहे की डाव्या (म्हणजे तिच्या लहरी कोणत्या बाजूला फिरतात), तेही तपासा. विमानावर उजवी आणि गॉगलवर डावी लावली तर निम्म्याहून जास्त पल्ला हातचा जातो, आणि माणूस दोष व्हीटीएक्सला देत बसतो.

पैशांची तुलना अशी करा. एका चांगल्या डिजिटल गॉगलच्या किमतीत अ‍ॅनालॉगचा अख्खा संसार उभा राहतो: बॉक्स गॉगल, रेडिओ (हातातला रिमोट), एक व्हूप (घरात उडवायचं बारकं ड्रोन), चार्जर आणि मूठभर बॅटऱ्या. आणि डिजिटलचा खर्च गॉगलपाशी थांबत नाही, प्रत्येक विमानात एक एअर युनिट घालावं लागतं.

चष्मा आणि वजन

चष्मा असेल तर दुकानात किंवा मित्राकडे गॉगल लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बॉक्स गॉगलमध्ये बऱ्याचदा चष्म्यासकट डोकं बसतं. दिसायला खोक्यासारखा असतो, गालावर घाम येतो, पण दिसतं नीट. डिजिटलचे आटोपशीर गॉगल डोळ्यांना चिकटून बसतात, त्यात चष्मा मावत नाही. डीजेआय गॉगल्स 2 मध्ये भिंगाचा नंबर +2 ते -8 पर्यंत फिरवून जुळवता येतो, ही सोय फार चांगली आहे. पण सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर ती चकती पुरी पडत नाही, वेगळी भिंगं करून घ्यावी लागतात.

वजनाचा मुद्दा लहान विमानांना लागू होतो. घरात उडवायचं 65 मिलिमीटरचं व्हूप बॅटरीसकट तीसेक ग्रॅमच्या आसपास असतं. त्यावर अ‍ॅनालॉग कॅमेरा आणि व्हीटीएक्स दोन-तीन ग्रॅममध्ये बसतात. डीजेआयचं 2025 मध्ये आलेलं सगळ्यात हलकं ओ4 एअर युनिटही सुमारे 8 ग्रॅमचं आहे. तीस ग्रॅमच्या जिवावर ते ओझं लगेच जाणवतं, व्हूप सुस्त होतं. मीटरभर पंखांच्या फोम विंगला मात्र 8 ग्रॅम काय आणि 30 ग्रॅम काय, सारखंच.

सोबतचा माणूस

हा मुद्दा खरेदीच्या चर्चेत येत नाही, म्हणून मुद्दाम मांडतो. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार छंदासाठी उडवलेलं 25 किलोपर्यंतचं विमान 'मॉडेल' गटात धरायचं असेल तर ते नजरेच्या टप्प्यात उडवलेलं असायला हवं. डोळ्यांवर गॉगल असला की तुम्हाला आकाश दिसत नाही. म्हणून शेजारी उघड्या डोळ्यांनी विमान बघणारा माणूस, म्हणजे स्पॉटर, हवाच. घार आली, शेतात बाई वाकून काम करतेय, रस्त्यावरून बैलगाडी येतेय, हे तोच सांगतो.

अ‍ॅनालॉगमध्ये या माणसालाही चित्र दाखवणं सोपं. कुठलाही जुना बॉक्स गॉगल किंवा पाच इंची पडदा घ्या, तुमच्या चॅनलवर लावा, झालं. मुलाला शिकवताना किंवा आजोबांना आपलं शेत वरून दाखवताना याचं मोल कळतं. आपल्या विहिरीवरचा कडुनिंब वरून ओळखल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. डिजिटलमध्येही दुसरा गॉगल जोडता येतो, पण तो त्याच कंपनीचा, त्याच कुळीचा लागतो.

चार जण एकत्र उडवणार असाल तर अ‍ॅनालॉगवाल्यांनी चॅनल आधी वाटून घ्यावेत. रेसबँड या चॅनलांच्या संचात आठ चॅनल असतात, पण शेवटचे दोन, 5880 आणि 5917 मेगाहर्ट्झचे, वापरू नका. आपल्याकडे विनापरवाना खुला असलेला पट्टा 5875 ला संपतो. आणि कोणी हवेत असताना आपली बॅटरी न विचारता जोडू नका. त्याच्या डोळ्यांसमोर तुमच्या बुटांचं चित्र येईल आणि त्याचं विमान जाईल.

जागेबद्दल थोडक्यात. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा बघितल्याशिवाय बाहेर पडू नका. हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत मुभा आहे, विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत. पुण्यात लोहगावला हवाई दलाचा तळ आणि खडकवासल्याला एनडीए, त्यामुळे शहरालगतची मोकळी टेकडी दिसली की उडवली असं चालत नाही. मुंबईत पोलिसांचे बंदी आदेश वेळोवेळी निघत असतात. बरेच किल्ले पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे परवानगी लागते. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो गटाला आणि हौसेखातर उडवलेल्या 2 किलोपर्यंतच्या मायक्रो गटाला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण जागेचे नियम सगळ्यांना लागू आहेत.

मग घ्यायचं काय

ज्याने अजून एकही विमान उडवलेलं नाही, त्याने आज गॉगलच घेऊ नये. आधी एक्स्प्रेसएलआरएस या नियंत्रण-पद्धतीचा रेडिओ घ्यावा, यूएसबीने संगणकाला जोडावा आणि सिम्युलेटरवर वीस-पंचवीस तास घालवावेत. हा रेडिओ पुढे अ‍ॅनालॉगला चालतो, डिजिटललाही चालतो, वाया जात नाही. तोवर मळमळ होते का, मान दुखते का, रस टिकतो का, हे सगळं कळतं. मग बॉक्स गॉगल आणि व्हूप. घरातल्या खुर्चीखालून व्हूप काढता आलं की फोमचं ट्रेनर प्लेन घ्या, त्यातही अ‍ॅनालॉगच.

थेट डिजिटल घ्यावं असे दोन गट म्हटलं होतं. पहिला, जे आधीपासून डोळ्यांनी बघून रेडिओवरचं विमान सफाईने उडवतात आणि आता फक्त त्यात बसल्याचा अनुभव हवा आहे. त्यांची विमानं आपटत नाहीत, विंग अर्धा-पाऊण तास हवेत राहतं, आणि तेवढा वेळ स्वच्छ चित्रात सह्याद्रीची रांग बघणं यासारखं सुख नाही. दुसरा, ज्यांच्याकडे उडवायला तारांनी आणि झाडांनी भरलेलीच जागा आहे. त्यांनी पैसे साठवावेत, सहा महिने थांबावं, पण चित्र स्पष्ट असलेलंच घ्यावं.

आणि जे कुंपणावर आहेत, त्यांनी दोन्ही चित्रं बघितलेल्या कोणाकडे तरी रविवारी सकाळी सात वाजता जावं, वारा पडलेला असताना. त्याला विनंती करावी की विमान हळूहळू लांब ने, मला सिग्नल संपताना बघायचाय. आधी अ‍ॅनालॉग, मग डिजिटल. स्पॉटरला शेजारी उभं करून आणि फेलसेफ (रेडिओचा संपर्क तुटल्यावर विमानाने काय करायचं ती सोय) आधी तपासून तो नक्की दाखवेल.